चांगलं शहर कोणतं, आणि कोणासाठी?

(धाराशिव शहरात तरुण-तरुणींच्या परिसंवादात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, "राहण्यासाठी सर्वात चांगलं शहर कोणतं?" या विषयावर माझ्या आधी चार जण बोलले. एकानं पुणं सांगितलं, कारण तिथं नोकरी आहे. एका ताईनं हैदराबाद सांगितलं. तिथं आपली बोली चालते, आपल्या चवीचं जेवण मिळतं आणि नाव सांगितल्यावर समोरचा दचकत नाही, असं तिचं म्हणणं. तिसऱ्यानं दुबईची बाजू घेतली. चौथे वयानं मोठे होते. ते म्हणाले, पोरांनो, आपलं गाव ते आपलं गाव. गंमत म्हणजे तुम्ही चौघांनाही टाळ्या वाजवल्या.

मला वाटतं, त्या टाळ्या बरोबरच होत्या. पहिला पगाराबद्दल बोलत होता, ताई इज्जतीबद्दल, तिसरा बचतीबद्दल आणि चाचा आपलेपणाबद्दल. चौघांचा तराजू वेगळा होता, म्हणून उत्तरं वेगळी आली.

मी आज या तराजूबद्दलच बोलणार आहे. मी इथलाच. शाळा इथं झाली, इंजिनिअरिंग झालं आणि गेली दहा-बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आकडे गोळा करणं, त्यांना वजन देणं, क्रमवारी लावणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे वर्तमानपत्रात "अमुक शहर पहिलं" अशी बातमी आली की माझं लक्ष क्रमांकापेक्षा आधी रकान्यांकडे जातं. काय मोजलं? कोणी मोजलं? कशाला किती वजन दिलं?

जगातली सर्वात गाजलेली यादी 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' ही लंडनची संस्था काढते. त्यात 173 शहरं असतात. वजनं अशी: स्थैर्य 25 टक्के, संस्कृती आणि पर्यावरण 25, आरोग्य 20, पायाभूत सुविधा 20, शिक्षण 10. व्हिएन्ना 2022 ते 2024 सलग तीन वर्षं पहिली आली, 2025 मध्ये कोपनहेगननं तिला मागं टाकलं. या यादीचा एक उपयोग काय, तर परदेशात माणूस पाठवताना त्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे कंपन्यांना ठरवता यावं. म्हणूनच बहुधा राहणीमानाचा खर्च या यादीत धरलेला नसतो, त्याची वेगळी यादी निघते. साहेबाचं घरभाडं कंपनी भरते. तुमचं-माझं कोण भरणार?

आपल्या केंद्र सरकारनंही अशी यादी काढली. 2018 च्या पहिल्या यादीत 111 शहरं होती. पुणं पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. पुढची यादी 2020 सालची, ती मार्च 2021 मध्ये जाहीर झाली. या वेळी पद्धत बदलली आणि लोकांच्या मताला 30 टक्के वजन दिलं गेलं. दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आलं, पुणं दुसरं आणि मुंबई थेट दहावी. दोन-तीन वर्षांत मुंबईत एवढं काय बिघडलं असेल? बिघडलं काही असेलही, पण मोजपट्टीही बदलली होती, हे नक्की.

आणि धाराशिव? आपल्याला क्रमांकच नव्हता, शेवटचाही नव्हता. या याद्या मोठ्या आणि 'स्मार्ट' शहरांच्या. आपण मोजले गेलो ते दुसऱ्याच यादीत. 2018 मध्ये नीती आयोगाचा आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यात चार जिल्हे घेतले: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपला. म्हणजे एका यादीत आपण नाही आणि दुसऱ्या यादीत मागास म्हणून आहोत. पण या दुसऱ्या यादीची वजनं पाहा. आरोग्य आणि पोषण 30, शिक्षण 30, शेती आणि पाणी 20, बँक-व्यवहार आणि कौशल्य 10, पायाभूत सुविधा 10. लंडनच्या यादीत शिक्षणाला 10, इथं 30. तिथं पायाभूत सुविधांना 20, इथं 10. गरज बदलली की वजन बदलतं, हे सरकारलाही मान्य आहे.

आता जरा गणित करू. घाबरू नका, चौथीचं आहे.

समजा, अ नावाचं एक शहर आहे. नोकरीत 90 गुण, शिक्षणात 90, दवाखान्यात 90, पण तुम्हाला तिथं घर मिळण्याचे गुण फक्त 10. दुसरं ब शहर आहे. चारही रकान्यांत 65. सरासरी काढा. अ ची आली 70, ब ची 65. अ जिंकलं.

पण बेरजेत एक खोट आहे. बेरजेत एका ठिकाणची तूट दुसऱ्या ठिकाणच्या जादा गुणांनी भरून निघते. खऱ्या आयुष्यात ती निघते का? राहायला जागाच मिळाली नाही, तर त्या 90 गुणांच्या दवाखान्याचं करायचं काय? म्हणून चारही आकडे मिळवण्याऐवजी गुणा आणि त्याचं चौथं मूळ काढा. आता अ चे गुण येतात 52 आणि ब चे 65 च राहतात. निकाल उलटला!

ही माझी चलाखी नाही. महबूब उल हक यांच्या पुढाकारानं, अमर्त्य सेन यांच्या साथीनं, 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक जगापुढे आला. त्यातही आधी साधी सरासरी होती. 2010 मध्ये ती बदलून गुणाकाराची सरासरी आणली, ती याच कारणासाठी. एका बाबतीतली कंगाली दुसऱ्या बाबतीतल्या श्रीमंतीमागं लपू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे. शहर किती चांगलं, हे त्याच्या सर्वात चांगल्या रकान्यावरून ठरत नाही. ज्या माणसाच्या वाट्याला सर्वात कमी येतं, त्याच्या सर्वात कमी गुणाच्या रकान्यावरून ते ठरतं.

पुण्यात पहिल्यांदा घर शोधताना मी सवयीप्रमाणे तक्ता केला होता. चौदा घरं. कंपनीचं नाव आणि पगार ऐकून नऊ जण राजी झाले. माझं नाव ऐकल्यावर त्यातल्या सात जणांना एकदम आठवलं की घर भाच्याला द्यायचं कबूल केलंय. इतके भाचे एकाच आठवड्यात पुण्यात राहायला येत होते! शेवटी एका निवृत्त शिक्षिकेनं घर दिलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालाल ना?" त्या घरात मी सहा वर्षं राहिलो. पुणं मला आवडतं. मला घडवलं त्या शहरानं. पण पहिल्या क्रमांकाच्या यादीत 'नाव सांगितल्यावर दार उघडं राहतं का' हा रकाना नव्हता.

हा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देता येत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. घर मागणारे सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांचे होते. सर्वाधिक नकार मुस्लिम नावांना आले, त्याखालोखाल दलितांना. 2023 मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं देशातल्या 15 लाख वस्त्यांची माहिती तपासली. एकाच शहरात मुस्लिम आणि दलित वस्त्यांमध्ये सरकारी शाळा आणि दवाखाने कमी आढळले. म्हणजे शहराच्या सरासरीत नळ असतो, आपल्या गल्लीत नसतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. आधी नावाचं सांगतो, कारण तुमच्या मनात ते आहेच. 2023 मध्ये पाटी बदलली. कोणाला आनंद झाला, कोणाला दुखलं. माझ्या दादीच्या बोलण्यात दोन्ही नावं असायची आणि तिला त्यात कधी भांडण दिसलं नाही. त्यावर बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे. मी आज पाटीवर बोलत नाही, नळावर बोलतोय. पाटी कोणतीही असो, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे दोन्ही बाजूंच्या घरांना सारखंच विचारावं लागतं.

आपल्याकडे पाणी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीहून पाइपनं येतं. ते कोणत्या दिवशी येणार, त्यावर आपल्या अम्मीचं, आपाचं वेळापत्रक ठरतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण शेजारी बसून पाहिलंय. दवाखान्याचा रकाना घ्या. 2022 मध्ये इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, हे मोठं काम झालं. तरी घरात कोणाच्या छातीत दुखलं तर आपल्या तोंडी पहिलं नाव सोलापूरचं येतं. नोकरीचा रकाना तर इथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

पण सगळे रकाने रिकामे नाहीत. जानेवारी 2020 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं झालं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, एक ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काही जणांचा विरोध होता. संमेलन झालं आणि याच गावानं त्यांना मंचावर बसवलं. हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या उरुसात कोण कोण येतं, ते तुम्ही लहानपणापासून पाहता. या रकान्यात आपण पुण्यापेक्षा फार मागं आहोत, असं मला वाटत नाही. मात्र हे गुण फुकट मिळालेले नाहीत, आणि ते कायम राहतील याची हमीही नाही.

याला आपल्याच जिल्ह्यातला पुरावा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपला, दोन्ही जिल्हे हादरले. आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. तुमच्यातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही नव्हता. नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं आणि पन्नासेक गावं नव्या जागी वसवली. घरं मजबूत बांधली, रस्ते सरळ आखले. कागदावर पाहिलं तर जुन्या गावापेक्षा प्रत्येक रकान्यात जास्त गुण. पण घराचा आकार ठरला जमिनीवर: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. कितीतरी ठिकाणी जुना शेजार विखुरला. ओट्यावर बसून हाक मारली की शेजारीण बाहेर यायची, ती आता चार रस्ते पलीकडे. घर पडणार नाही, याची खात्री मिळाली, पण रात्री-अपरात्री कोणाला उठवायचं, हे नव्यानं ठरवावं लागलं. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात मात्र एक शहाणपणाची गोष्ट झाली. गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. कोणत्या भिंतीला काय हवं, पैसा कुठं अडकला, हे त्या घरोघरी जाऊन विचारू लागल्या. ज्यांना घरात कोणी विचारत नव्हतं, त्यांनी बांधकामाचा हिशेब विचारला.

दुसरा पुरावा भिवंडीचा. यंत्रमागाचं गाव, 1970 आणि 1984 मध्ये दंगलींनी होरपळलेलं. 1988 मध्ये तिथं पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं नेमानं एकत्र बसायची, किरकोळ तक्रारी तिथंच मिटायच्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. लंडनच्या यादीत स्थैर्याला 25 टक्के वजन आहे ना? ते 25 टक्के भिवंडीत सतरंजीवर बसून कमावले गेले.

आणि व्हिएन्ना? तिथली सुमारे निम्मी माणसं महापालिकेच्या किंवा सरकारी मदतीच्या परवडणाऱ्या घरांत राहतात. त्याची सुरुवात 1920 च्या दशकात झाली. निवडून आलेल्या नगरसभेनं श्रीमंतांवर कर बसवला आणि कामगारांसाठी घरं बांधली. त्याच व्हिएन्नात आज जवळपास एक तृतीयांश लोकांकडे ऑस्ट्रियाचं नागरिकत्व नाही, म्हणून राष्ट्रीय निवडणुकीत त्यांना मत नाही. पहिल्या क्रमांकाच्या शहरालाही 'कोणासाठी?' हा प्रश्न विचारावाच लागतो.

तोच प्रश्न आता आपल्याला. पुण्यातल्या सात भाच्यांवर तुम्ही हसलात. आपल्या मोहल्ल्यात खोली रिकामी आहे आणि पारधी कुटुंब विचारायला आलं, तर आपल्याला किती भाचे आठवतील? एकटी नोकरी करणारी मुलगी आली तर? आपल्यातच बिरादरी विचारून नकार देणारे नाहीत का? आपण नकार खातो, म्हणून नकार देण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही.

आणि बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आपण पोरं तास-तास बसतो. कशासाठी? कशासाठीच नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर 2011 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं की बाईला बाहेर दिसायचं तर काहीतरी काम असावं लागतं, पिशवी हातात असावी लागते. विनाकारण बसण्याचा हक्क तिला नसतो. आपल्या गावात मुलीनं क्लास सुटल्यावर अर्धा तास कुठं बसावं, अशी एक जागा मला सांगा. बागेचं फाटक, वाचनालयाची वेळ, गल्लीतला दिवा, आणि आपल्या नजरा. यातल्या तीन गोष्टी नगरपरिषदेच्या हातात आहेत. चौथीसाठी कोणाकडे अर्ज करायची गरज नाही.

मग जायचं की राहायचं? मी गेलोय, त्यामुळे जाऊ नका असं मी सांगणार नाही. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, श्वास घ्यायला जाणं हा तुमचा हक्क आहे. ताईनं हैदराबाद निवडलं तर तिची कारणं खरी आहेत. पण एक हिशेब लक्षात ठेवा. शिकलेला एक जण गेला की गल्लीतून अर्ज लिहिणारा एक हात जातो. तक्रार इंटरनेटवर टाकणारा, पोचपावती जपून ठेवणारा, साहेबासमोर न घाबरता उभा राहणारा माणूस जातो. मागं राहतात ते आपले अम्मी-अब्बा, आणि त्यांना कोणता फॉर्म कुठं भरायचा हेही माहीत नसतं.

74 व्या घटनादुरुस्तीनं पाणी, सफाई, दिवे, बागा अशी अठरा कामं शहरांच्या कारभाराच्या यादीत घातली. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या. 2011 च्या जनगणनेत आपलं शहर एक लाखाच्या थोडं वर. म्हणजे कायदा आपल्याकडे वॉर्ड समिती आणून देणार नाही. पण आपण बसू नये, असंही कायदा म्हणत नाही. 2022 पासून कितीतरी काळ महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांवर निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासक होते. त्या काळात कोणत्या गल्लीचं काम झालं? ज्या गल्लीतून लेखी पाठपुरावा झाला, तिचं. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे, राज्याचा लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून. अर्ज करायला इंजिनिअर असावं लागत नाही.

म्हणून मी पाच रकान्यांची आपली यादी करून आणलीय. एक, नळाला किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी येतं. दोन, रात्री दोन वाजता बाळंतिणीला दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो. तीन, दहावीनंतर कोणत्या मुलीचं शिक्षण थांबलं आणि का. चार, गल्लीत या वर्षात कोणाला भाड्यानं घर नाकारलं. पाच, बाई विनाकारण बसू शकेल अशी जवळची जागा कोणती. प्रत्येक घराला विचारा, आपल्याला आणि पलीकडच्या गल्लीलाही. सरासरी काढू नका. ज्या घराचे गुण सर्वात कमी, त्या घराचा सर्वात वाईट रकाना घ्या आणि महिनाभर फक्त त्याच्यामागं लागा. पुढच्या महिन्यात पुढचा. बाहेरगावी असाल तर आकडे भरणं आणि अर्ज लिहिणं माझ्यासारखं तिथूनही करता येतं. तेवढ्यासाठी मी दर रविवारी सकाळी फोनवर आहे.

सर्वात चांगलं शहर कोणतं, याचं उत्तर मला आज देता येणार नाही. पण आपलं शहर मागच्या वर्षीपेक्षा चांगलं झालं का, याचं उत्तर पुढच्या वर्षी आपल्याकडे लिहिलेलं असेल. वह्या दारापाशी टेबलावर ठेवल्यात. गल्लीमागं एक घेऊन जा, आणि घरात बहीण असेल तर दोन.